'बोर्डवॉक एम्पायर' की 'पीकी ब्लाइंडर्स'? दोन्हींचे शेवटचे सीझन सुरू केल्यावर

साताऱ्यात आमच्या ओळखीच्या मंडळींत जुन्या काळातल्या गुन्हेगारी मालिकांचा विषय निघाला की ही दोन नावं हमखास येतात, आणि मग एकच प्रश्न उरतो: आधी कुठली बघू? दुकान बंद करून, जेवण उरकून, मुलं झोपल्यावर मिळणारा तास-दीड तास, तोही रोज नाही. त्यात दोन्ही एकदम सुरू करणं जमत नाही, आणि चुकीची निवडली तर महिना-दोन महिने जातात.

मी दोन्हींचे शेवटचे सीझन अलीकडे पाठोपाठ सुरू केले. आधीचं सगळं बघून झालेलं होतं, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली. मत आधीच सांगून टाकतो. एकच बघणार असाल तर 'बोर्डवॉक एम्पायर' बघा. पण शेवटच्या सीझनची सुरुवात कुणी जास्त चांगली केली असं विचाराल, तर उत्तर 'पीकी ब्लाइंडर्स' असं आहे. हे असं का, ते पुढे लिहितो. मोठी गुपितं फोडलेली नाहीत. 'पीकी'तल्या पॉली या पात्राबद्दलची एक गोष्ट मात्र सांगावी लागेल, कारण ती बातम्यांतूनच सगळ्यांना कळलेली आहे.

थोडक्यात ओळख

'बोर्डवॉक एम्पायर' ही एचबीओची मालिका २०१० ते २०१४ या काळात आली. टेरेन्स विंटरने ती घडवली आणि पहिला भाग मार्टिन स्कॉर्सेसीने दिग्दर्शित केला. अमेरिकेच्या न्यू जर्सीतलं अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं शहर, साल १९२०. देशभर दारूबंदी लागू होते त्या रात्री कथा सुरू होते. नकी थॉम्पसन हा तिथला खजिनदार. पद बघायला गेलं तर हिशेब ठेवण्याचं, पण गावात त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. पोलीसप्रमुख त्याचा भाऊ, मतं त्याच्या खिशात, आणि आता दारूही. स्टीव्ह बुशेमीने हा माणूस इतका शांतपणे उभा केलाय की तो रागावला तरी आवाज चढत नाही. पाच सीझन, छप्पन्न भाग.

'पीकी ब्लाइंडर्स' बीबीसीची, २०१३ ते २०२२. लेखक स्टीव्हन नाइट. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, १९१९. पहिल्या महायुद्धातून परतलेले शेल्बी बंधू घोड्यांच्या शर्यतींवर सट्टा चालवतात, आणि मधला टॉमी घराण्याला वर नेत नेत थेट संसदेपर्यंत पोचतो. टॉमीच्या भूमिकेत किलियन मर्फी. सहा सीझन, प्रत्येकी सहा भाग.

म्हणजे वेळेचा हिशेब सरळ आहे. एकीकडे पस्तीस-छत्तीस तास, दुसरीकडे पन्नासच्या आसपास. फक्त सुट्टीतच बघायला वेळ मिळणार असेल तर हा फरक मोठा आहे.

दारूबंदी उठते तेव्हा

दोन्ही शेवटचे सीझन पाठोपाठ लावल्यावर मला पहिली जाणवलेली गोष्ट ही, की दोघांनीही एकाच घटनेकडे तोंड केलंय: अमेरिकेतली दारूबंदी संपणं. तेरा वर्षं चाललेली बंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. ज्यांचं साम्राज्यच बंदीवर उभं होतं, त्यांनी आता काय करायचं? गुन्हेगारी कथेसाठी याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही.

'बोर्डवॉक'चा पाचवा सीझन १९३१ सालात उघडतो. नकी क्युबात, हवानात आहे. बंदी आज ना उद्या उठणार हे त्याने ओळखलंय, आणि उठल्याबरोबर उजळ माथ्याने धंदा करता यावा म्हणून तो बकार्डीसारख्या मोठ्या रम कंपनीशी बोलणी करतोय. तिकडे एखाद्या सिनेटरला खूश ठेवायचं, इकडे जुने शत्रू सांभाळायचे. बंदीच्या काळात बेकायदा माल विकून गबर झालेला माणूस कायदेशीर व्यापारी व्हायला निघालाय आणि त्यासाठी त्याला पुन्हा तीच जुनी साधनं वापरावी लागतायत. ही कल्पना अफाट आहे.

अडचण मांडणीत आहे. चौथा सीझन १९२४ मध्ये संपला होता, हा १९३१ मध्ये सुरू होतो. मधली सात वर्षं गेली. १९२८ साली आर्नोल्ड रॉथस्टीनचा खून झाला, १९२९ साली शिकागोतलं व्हॅलेंटाइन दिवसाचं हत्याकांड झालं, वॉल स्ट्रीट कोसळलं. हे सगळं आपल्याला पडद्याबाहेरच ठेवावं लागतं. रॉथस्टीन तर या मालिकेतल्या सगळ्यात देखण्या पात्रांपैकी एक. मायकल स्टुलबार्गने तो थंड डोक्याचा जुगारी असा काही रंगवलाय की त्याचा शेवट न बघता पुढे जाणं मला लागलं. त्यात हा सीझन आठच भागांचा, आधीचे सगळे बारा-बारांचे. पहिल्याच भागात हवाना, न्यूयॉर्क, बेड्या घातलेल्या कैद्यांची टोळी आणि १८८४ सालातलं नकीचं बालपण, एवढं सगळं येतं. कुठेही पाय टेकत नाही.

तरी त्या बालपणाच्या भागातलं एक दृश्य सांगतोच. समुद्रात गावची पोरं. कमोडोर, म्हणजे त्या गावाचा मालकच म्हणा, पाण्यात नाणी फेकतोय आणि पोरं बुड्या मारून, एकमेकांना ढकलून ती धरतायत. त्यांत छोटा नकी. कॅमेरा पाण्याखाली आहे, नाणी हळूहळू खाली येतायत. पुढे छप्पन्न भागांत नकी जे काही करतो, ते या एका दृश्यात आहे. पहिल्या भागातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच, आणि हे कळण्यासाठी आधीचे चार सीझन बघितलेले असावे लागतात.

'पीकी'चा सहावा सीझन मात्र पाचव्याच्या शेवटच्या क्षणालाच पकडतो, तो प्रसंग मिटवतो, आणि मग चार वर्षांची उडी घेऊन नेमका ५ डिसेंबर १९३३ रोजी उतरतो. जागा मिकेलॉन बेट. कॅनडाजवळ असूनही फ्रान्सच्या ताब्यातलं हे बेट, आणि अमेरिकेत चोरून दारू नेणाऱ्यांचा मोठा अड्डा. बंदी उठली म्हणून तिथली माणसं बेभान झालीयत, आणि त्या गर्दीत टॉमी शेल्बी येतो, ज्याने दारू सोडलीय. आधीच्या पाच सीझनमध्ये हातातला ग्लास न सोडणारा माणूस, आणि आता दारू सगळ्यांना खुली झाली त्याच दिवशी हा कोरडा. त्याचं काय झालंय हे कुणी बोलून दाखवत नाही, तरी कळतं. त्याच्या डोक्यात पुढचा माल ठरलेला आहे: अफू.

हीच ती चांगली सुरुवात. एक तारीख, एक जागा, एक माणूस. 'बोर्डवॉक' त्याच प्रश्नासाठी चार ठिकाणी धावतो, 'पीकी' एका खोलीत बसून तो विचारतो.

आणखी एक जुळणी लक्षात घेण्यासारखी आहे. 'बोर्डवॉक'च्या शेवटच्या सीझनमध्ये जोसेफ केनेडी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे वडील, नावानिशी येतात. 'पीकी'मध्ये बॉस्टनचा जॅक नेल्सन येतो आणि तो केनेडींवरच बेतलाय हे लगेच जाणवतं. एक मालिका खऱ्या माणसाला खऱ्या नावाने आणते आणि त्याच्याशी जपून वागते, दुसरी नाव बदलते आणि त्याला हवं तेवढं काळं रंगवते. दोन्ही मालिकांचे स्वभाव यातून कळतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानंतरच्या वर्षांतल्या हातभट्ट्यांच्या, काळ्या गुळाच्या आणि नवसागराच्या, टायरच्या ट्यूबमधून रातोरात हलवलेल्या मालाच्या गोष्टी कराड-पाटणकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाकडे आहेत. दारूबंदी खात्याचा साहेब येणार हे भट्टीवाल्याला आदल्या दिवशी कसं कळायचं, हेही त्यांना ठाऊक असतं. अलीकडे गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली, आणि त्या बायकांना पुढचा प्रश्न हाच पडला की आता चोरून येणारी कशी थांबवायची. 'बोर्डवॉक'च्या अगदी पहिल्या भागात नकी महिलांच्या दारूबंदी सभेत उभा राहून डोळ्यांत पाणी आणणारं भाषण करतो, आणि तिथून उठून सरळ जातो ते दारूच्या पेट्यांची वाटणी ठरवायला. आडव्या बाटलीसाठी उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने हे दृश्य बघितलं तर तिला त्यातलं अक्षर अन् अक्षर कळेल.

याच कारणासाठी माझं झुकतं माप 'बोर्डवॉक'ला आहे. तिथे गुन्हा कायद्यातून जन्मतो. कायदा आला म्हणून माल महाग झाला, महाग झाला म्हणून टोळ्या आल्या, टोळ्या आल्या म्हणून अधिकारी विकले गेले, ही साखळी कडी कडी जोडत दाखवलीय. केंद्राचा दारूबंदी अधिकारी व्हॅन ऑल्डन हे पात्र तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कायदा मनापासून मानणारा, देवभीरू माणूस त्याच कायद्याच्या अंमलबजावणीत कसा आतून मोडत जातो, ते मायकल शॅननने दाखवलंय.

लढाईवरून परतलेले

दोन्ही मालिकांच्या मुळाशी पहिलं महायुद्ध आहे, आणि इथे सामना बरोबरीचा आहे.

सातारा जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. जिल्ह्यात कितीतरी गावांत असे इंग्रजांनी लावलेले दगड आहेत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, १९१५-१६ मधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या, उपासमारीत दिवस काढले. परत आलेल्यांनी घरी काय सांगितलं? बहुतेकांनी काहीच नाही.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदार राहतात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. 'पीकी'च्या पहिल्या सीझनमधला एक प्रसंग मी लावलेला असताना ते सहज येऊन बसले. टॉमी युद्धात जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या तुकडीत होता. घरी परतल्यावर रात्री अंथरुणावर पडला की त्याला भिंतीपलीकडून कुदळ-फावड्यांचा आवाज येतो. शत्रू पलीकडून खणतोय, आत्ता भिंत फुटेल. अफू ओढल्याशिवाय त्याला झोप नाही. आबांना इंग्रजी संवाद समजत नव्हते. बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो कुठल्या लढाईवरनं आलाय रं?" म्हटलं, "पहिल्या महायुद्धातनं आबा, फ्रान्समधनं." "मग ह्याला झोप कशी लागंल," एवढंच बोलले, आणि भाग संपेपर्यंत उठले नाहीत.

'पीकी'ची खरी ताकद ही. टोप्या, कोट, धुरातून संथ चालत येणारे भाऊ, हे सगळं जाहिरातीत पोचलं. पण आतली गोष्ट झोप न लागणाऱ्या माणसांची आहे. टॉमी, त्याचा भाऊ आर्थर, युद्धातला साथीदार डॅनी, सगळेच. शेवटच्या सीझनमध्येही, १९३३ साल उजाडलं तरी, टॉमीचं युद्ध संपलेलं नाही.

'बोर्डवॉक'कडे याला उत्तर म्हणून रिचर्ड हॅरो आहे. बंदुकीचा अचूक नेमबाज. युद्धात अर्धा चेहरा गेलेला, आणि त्यावर पत्र्याचा रंगवलेला मुखवटा, चश्म्याच्या काड्यांनी कानाला अडकवलेला. असे मुखवटे त्या काळात खरोखर बनत. ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये रेड क्रॉसच्या मदतीने कार्यशाळाच उघडली होती. जखमी शिपायांच्या जुन्या छायाचित्रांवरून त्या चेहऱ्याची हरवलेली बाजू पत्र्यावर उठवत, त्वचेच्या रंगाने रंगवत. हॅरोचा घोगरा, अडकत अडकत येणारा आवाज जॅक ह्यूस्टनने असा लावलाय की एकेक शब्द बाहेर काढायला त्याला कष्ट पडतायत हे ऐकूनच कळतं.

दुसऱ्या सीझनमध्ये अँजेला नावाची चित्रकार बाई त्याचं चित्र काढायला बसते. तो आधी संकोचतो. मग हळूच हात वर नेतो, चश्मा काढतो आणि त्याबरोबर मुखवटाही. ती क्षणभर बघते आणि पेन्सिल चालवायला लागते. ती घाबरलीही नाही, आणि तिने दयाही दाखवली नाही. सगळ्या छप्पन्न भागांत मला याहून कोमल प्रसंग सापडला नाही, आणि तो एका भाडोत्री मारेकऱ्याचा आहे.

टॉमी की हॅरो, हे मी ठरवू शकत नाही. टॉमीला छत्तीस तास मिळतात, हॅरोला त्याच्या कितीतरी कमी, आणि तरी आठवण दोघांची सारखीच राहते.

खरं किती, रचलेलं किती

इतिहासात रस असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी. नाहीतर सरळ पुढे जा.

नकी थॉम्पसनमागे खरा माणूस आहे: अटलांटिक सिटीचा एनॉक 'नकी' जॉन्सन. आडनाव मुद्दाम बदललंय, म्हणजे लेखकाला मोकळीक राहते आणि इतिहास माहीत असलेल्यालाही शेवट आधी सांगता येत नाही. खरा जॉन्सन करचुकवेगिरीत १९४१ साली दोषी ठरला आणि १९६८ पर्यंत जगला. अल कपोन, लकी लुचियानो, रॉथस्टीन हे गुंड मात्र खऱ्या नावाने, आणि त्यांचे प्रवास बऱ्यापैकी इतिहासाला धरून आहेत. लुचियानो सुरुवातीला दुसऱ्यांच्या मागे फिरणारा तरुण पोरगा असतो, १९३१ पर्यंत तो कुठे पोचतो हे शेवटच्या सीझनमध्ये दिसतं.

'पीकी'ने खूपच जास्त मोकळीक घेतलीय. बर्मिंगहॅममधले खरे पीकी ब्लाइंडर्स १८९० च्या दशकातले. १९१९ पर्यंत त्यांचा काळ सरला होता. टोपीत शिवलेलं ब्लेड ही दंतकथा असावी, कारण तेव्हा तसली ब्लेडं महाग होती, असं बर्मिंगहॅमचे इतिहासकार कार्ल चिन सांगतात. शेल्बी घराणं काल्पनिक. ऑस्वाल्ड मोझ्ली हा खरा फॅसिस्ट पुढारी पाचव्या सीझनमध्ये १९२९ सालातच आपली संघटना घेऊन येतो, प्रत्यक्षात ती १९३२ ची. मला हे खटकलं. इतकं खरं पात्र आणायचं तर तीन वर्षं इकडेतिकडे करू नयेत. मात्र सॅम क्लॅफ्लिनचा मोझ्ली बघताना, भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या सभ्य माणसांचे चेहरे बघताना, अंगावर काटा येतो हेही खरं.

पॉली नसताना

टॉमीच्या आत्याची, पॉलीची भूमिका करणारी हेलन मॅक्रोरी एप्रिल २०२१ मध्ये गेली. सहाव्या सीझनमध्ये पॉलीचे प्रसंग तिच्याशिवाय चित्रित होणं शक्यच नव्हतं, त्यामुळे कथेतही पॉली गेलेली आहे. पहिल्याच भागात तिचा अंत्यविधी आहे, भटक्या जिप्सींच्या रीतीने, गाडीसकट अग्नी देऊन. अभिनेत्रीचं खरं जाणं आणि पात्राचं जाणं इथे एक होतं, आणि समोरच्या नटांचे चेहरे बघताना ते अभिनय करतायत असं वाटत नाही. सीझनभर ती उणीव आहे. युद्धात पुरुष गेले असताना धंदा सांभाळलेली, टॉमीला तोंडावर सुनावणारी ही एकटीच होती. आता त्याला अडवणारं कुणी नाही. पुढच्या भागांत मालिका काहीशी जड होते, संथ होते, सगळं मेणबत्तीच्या उजेडात घडतंय असं वाटतं, त्याचं एक कारण हे असावं.

'बोर्डवॉक'ची मार्गारेट वेगळ्या घडणीची. आयर्लंडहून आलेली, पोटुशी, मारकुट्या नवऱ्याची बायको, दारूबंदी सभेची सदस्य, आणि तिथून नकीच्या घरापर्यंत. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्या मतांचं राजकारण नकी कसं करतो आणि मार्गारेट त्यात स्वतःची किंमत कशी ओळखते, हे पहिल्या सीझनमध्ये बारकाईने येतं. शेवटच्या सीझनमध्ये ती न्यूयॉर्कला शेअर दलालाच्या कचेरीत नोकरी करते. मंदीने पिचलेली कचेरी, आणि पहिल्याच भागात तिथे एक प्रसंग घडतो जो मी सांगणार नाही. केली मॅकडोनल्ड त्या वेळी काही न करता नुसती बसलेली असते आणि तरी नजर तिच्यावरून हलत नाही.

पॉली पहिल्या दृश्यापासून आवडते. मार्गारेट कळायला दोन सीझन लागतात. दोन्ही मालिकांबाबत हेच म्हणता येईल.

घरात बघताना

दोन्ही प्रौढांसाठीच. आई-वडिलांसोबत हॉलमध्ये लावायच्या नाहीत. 'बोर्डवॉक'मध्ये नग्नता बरीच आहे, विशेषतः सुरुवातीच्या सीझनमध्ये. 'पीकी'त ती कमी, पण मारहाण आणि रक्त भरपूर. बर्मिंगहॅमची बोली कानाला जड जाते, त्यामुळे इंग्रजी सबटायटल लावूनच बघा, चांगलं इंग्रजी येत असलं तरी. संगीत अगदी उलट: 'बोर्डवॉक'मध्ये त्या काळातली जॅझ, तीही तशाच वाद्यमेळातून नव्याने वाजवलेली, 'पीकी'मध्ये सरळ आजचा रॉक. काहींना तो खुपतो. मला शेल्बींच्या बेचैनीला तो शोभतो असं वाटतं.

'पीकी' आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. एचबीओच्या मालिकांची जागा आपल्याकडे बदलत राहिलीय, म्हणून 'बोर्डवॉक'साठी सदस्यत्व घेण्याआधी ॲपमध्ये नाव टाकून खात्री करून घ्या.

आणि मराठीत?

सबटायटल वाचत बसणं नको असेल, तर सोनी लिव्हवरची 'मानवत मर्डर्स' बघा. २०२४ सालची, आठ भाग, दिग्दर्शक आशिष बेंडे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ पासून घडलेल्या खूनसत्राची ही खरी हकिकत, आणि तपासाला गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मकरंद अनासपुरेंना अशा भूमिकेत बघणं हा मोठा अनुभव आहे. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी बोली आणि देहबोली दोन्ही धरून ठेवलीय. गाव, वाडा, धूळ, सगळं ओळखीचं. वर लिहिलेल्या दोघींइतका मोठा पट नाही, पण आठ भागांत पूर्ण होते आणि मनात बराच काळ राहते.

हे लिहिताना राहवत नाही म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्याकडे याहून मोठी कथा पडून आहे. १९४२ नंतरचं सातारचं प्रतिसरकार; सातारा जिल्ह्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही होता. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलची तुफान सेना, १९४३ मध्ये शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे, गावोगावची न्यायदान मंडळं. इंग्रजांच्या कागदांत हे दरोडे होते, आणि लोकांच्या लेखी ते सरकार होतं. कायदा कुणाचा आणि गुन्हेगार कोण, हा प्रश्न नकी किंवा टॉमीच्या कथेत जेवढा आहे, त्याच्या दसपट इथे आहे. कुणीतरी याला पाच सीझनचा धीर आणि तेवढा पैसा द्यावा, अशी मनापासून इच्छा आहे.

ठरवताना

एका माणसात गुंतून जायला आवडत असेल, वेळ कमी असेल, आणि पहिल्या भागापासून पकड हवी असेल, तर 'पीकी'. फक्त एक लक्षात ठेवा: सहावा सीझन संपला तरी टॉमीची कथा पूर्ण मिटत नाही, ती पुढे चित्रपटाकडे वळवलेली आहे. शिवाय शेल्बींच्या पुढच्या पिढीची, १९५३ मधल्या बर्मिंगहॅममधली नवी मालिकाही जाहीर झालीय. म्हणजे हे घराणं इतक्यात तुम्हाला सोडणार नाही.

ज्यांना सत्ता कशी चालते हे बघायचंय, ज्यांना वीस-पंचवीस पात्रं डोक्यात ठेवायला त्रास होत नाही, आणि ज्यांना खरा, पक्का शेवट हवा असतो, त्यांनी 'बोर्डवॉक' घ्यावी. शेवटचा सीझन घाईचा आहे, हे वर लिहिलंच. पण शेवटचा भाग बघितल्यावर ते पाण्यातलं दृश्य पुन्हा आठवतं आणि हिशेब जुळतो. आठ भागांत का होईना, त्यांनी तो जुळवलाय.

कुठलीही निवडा, शेवटच्या सीझनपासून सुरुवात करू नका. 'पीकी'चा सहावा सीझन पॉलीला न ओळखता बघण्यात काही अर्थ नाही, आणि नकीला न ओळखता ती नाणी नुसती नाणीच राहतात. 'बोर्डवॉक' सुरू केली आणि पहिल्या चार-पाच भागांत नावांच्या गर्दीत गोंधळ झाला, तर लगेच बंद करू नका. रिचर्ड हॅरो पहिल्या सीझनच्या सातव्या भागात येतो. तिथपर्यंत थांबा. त्यानंतरही मन लागलं नाही, तर खुशाल 'पीकी'कडे वळा.